खाच क्रमांक पाच

एकतीस मार्च. अक्कलकोट रोडवर रात्रीचे दोन,
आणि डांबर अजून दिवसाची उधारी फेडतंय.
वर, पहिल्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
सर्व्हर बेचाळीस हजार खात्यांवर व्याज चढवतोय.
बहुतेक खाती बायकांची. विड्या वळणाऱ्या.
अंगठ्याच्या नखाखालची तंबाखू
त्यांच्या पासबुकालाही लागलेली असते.

आणि पाचव्या खाचेतलं नेटवर्क कार्ड
तीनातलं एक पॅकेट गिळतंय.

हविनाळे साहेब फोनवर एकच वाक्य तीनदा म्हणाले:
"बंद करायचं नाही हं, येमूल."

माझा नाना याच्या बरोबर उलटं सांगायचा.
घरात चार माग, टॉवेलचे.
ताण्याचा धागा तुटला, माल उद्या द्यायचा होता,
त्यानं चालत्या मागात हात घातला.
मधलं बोट धोट्यानं नेलं. मी तेव्हा जन्मले नव्हते.
"आधी खटका, मग हात,"
हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

मी यंत्राला विचारते:
पाचवर कोणाकोणाचा जीव टांगलाय?
ते आपलं गोत धुंडाळतं, सांगतं: अर्धा भार.
उरलेला दोनवर.
गड्ड्याच्या गर्दीत झोपलेलं पोर
या कडेवरून त्या कडेवर घ्यावं
तसा तो अर्धा भार दोनवर सरकवते.

मग ड्रायव्हरला म्हणते, सोड.
सोडत नाही.
कोणीतरी अजून धरून बसलंय:
एक जुनी प्रोसेस, दिवाळीत सुरू करून विसरलेली.
कोणाची म्हणून बघते तर माझीच.
तिला तिच्या नंबरानं हाक मारते. ती जाते.
पुन्हा, सोड.
सोडलं.

आता शेवटची ओळ. एक शून्य, एक बाण,
लांबलचक पत्ता, त्यात शेवटाकडे पाच.
पत्ता दोनदा वाचते, ओठ हलवून.
पाच. पाचच. चार नव्हे.
चारमागे डिस्क आहेत,
चारमागे बेचाळीस हजार बायका आहेत.

एन्टर.

हिरवा दिवा लुकलुकायला लागतो.
चनबसप्पा वॉचमन बॅटरी धरून उभा,
"बाई, गेलं काय ओ?"
थांबा.
दिवा विझतो. तेवढा एकच.
बाकीचे आपले जळताहेत, पंखे घोंघावताहेत,
शेजाऱ्याच्या घरात कोणी गेलं
हे अजून गल्लीला कळलेलं नाही.

मनगटाला पट्टा, पट्ट्याची तार लोखंडाला.
खाचेवर इवलासा निळा खटका असतो, खरंच असतो.
तो पाडते.
हात आत घालते, चालत्या यंत्रात, मनगटापर्यंत.
जुनं कार्ड कोमट आहे.

नवं बसत नाही. बसलं असं वाटतं, शून्याच्या जागी एक लिहिते,
दिवा लुकलुकतो आणि थकून विझतो.
काढते, फुंकते (फुंकू नये, माहीत आहे), परत दाबते,
टक्.
एक.
हिरवा. ठाम.
व्याज तोवर एकोणतीस हजारांच्या पुढे गेलेलं,
मागे वळूनही न बघता.

बाहेर येताना बोटं मोजली. सवय.

पहाटे नाना ओट्यावर, बशीतला चहा,
बशीखाली चार बोटं आणि एक फट.
"रात्रभर काय केलीस?"
चालू मशीनमध्ये हात घातला.
त्यानं आधी माझा हात पाहिला, मग मला.
"खटका?"
पाडला. पण एकाच खाचेचा. बाकी चालूच.
"म्हणजे माग चालू, आणि तेवढाच एक धागा थांबलेला?"
हो.

तो बराच वेळ चहावर फुंकत राहिला,
गार झालेल्या.
"असला माग," म्हणाला,
"आम्हाला कोणी दाखवलाच नाही की."
मग जुनं कार्ड उचलून उन्हाकडे धरलं,
आणि त्यावरच्या तांब्याच्या बारीक रेघा
एकेक करून मोजायला लागला,
ताणा तपासावा तसा.